“तब्येत कशी आहे?” या एका प्रश्नावर किती भिस्त ठेवावी? (माहूलमधील सर्वेक्षणाबाबत)

वहीपेन:

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि प्रबंधासाठी मुंबईत चेंबूरजवळच्या माहूलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत घरोघरी जाऊन सर्वेक्षण करत आहे. औद्योगिक प्रदूषणाच्या सावलीत राहणारी माणसे स्वतःच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचे मूल्यमापन कसे करतात, हा माझा विषय आहे.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंचा दहा मीटरचा पट्टा मोकळा करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्यानुसार २०१७ मध्ये विद्याविहार, घाटकोपर आणि आसपासची हजारो घरे पाडली गेली व त्या कुटुंबांना माहूलला धाडण्यात आले. तिथे ७२ इमारती आणि २२५ चौरस फुटांची घरे तयार होती. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, रसायने साठवण्याच्या टाक्या आणि खतांचा कारखानाही होता. चेंबूरला लोक ‘गॅस चेंबूर’ म्हणतात ते उगाच नाही. माहूल आणि आंबापाडा या जुन्या गावांतील रहिवासी त्याआधीच राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते आणि इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच नोंदवले होते. म्हणजे धोका कागदावर आला आणि त्यानंतर दीड-दोन वर्षांनी माणसे तिथे नेऊन ठेवली गेली. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी कोणालाही माहूलला पाठवू नये, तसेच तिथे राहणाऱ्यांना इतरत्र घर घेता यावे म्हणून दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी, असा निकाल दिला. बरीच कुटुंबे गेली, काही अजून तिथेच आहेत.

आता माझी अडचण सांगते. प्रश्नावलीचा पहिला प्रश्न जगभर वापरला जाणाराच आहे: “एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे, असे तुम्ही म्हणाल?” उत्तरासाठी उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, साधारण आणि वाईट असे पाच पर्याय आहेत. चाचणी म्हणून पंधरा-वीस घरे केली, त्यांपैकी एका घरी असे झाले. चौथ्या मजल्यावर पन्नाशीच्या एक काकू दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. खिडकीच्या फटीत जुन्या गाऊनच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या आणि भर दुपारी घरात ट्यूबलाइट लावलेली होती. मी प्रश्न विचारताच त्या म्हणाल्या, “चांगलीच आहे की! मला काय धाड भरलीय?” मी ‘चांगली’वर खूण केली. पुढे औषधांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी कपाटावरून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली आणि तिच्यातून रक्तदाबाच्या गोळ्या, श्वासाचा पंप, डोळ्यांत घालायचे थेंब आणि खाजेचे मलम असे एकेक जमिनीवर मांडले. रात्री छातीवर कोणी बसल्यासारखे होते, हेही त्यांनी मेथीची काडी मोडता मोडता सांगितले. मी निघेपर्यंत वहीत खूण मात्र ‘चांगली’वरच होती.

माझे मार्गदर्शक म्हणतात की लोकांचे स्वतःविषयीचे मत हा कच्चा माल असून परीक्षक त्यावर तुटून पडतील. मला तो टाकून द्यावासा वाटत नाही, पण त्याचा बचाव कसा करावा, हेही उमगत नाही. शिवाय मानसिक आरोग्याचे प्रश्न सुरू झाले की समोरचे माणूस गप्प होते. “गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का?” असे विचारले, तर एक आजोबा म्हणाले, “उदास म्हणजे काय ओ बाई?” क्षेत्रकार्याचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

आकडेमोड:

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात सर्वेक्षणांच्या सांख्यिकीचे काम बरीच वर्षे केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मार्गदर्शकांचा ‘कच्चा माल’ हा शब्द मला मान्य नाही. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतील २७ दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला होता. स्वतःची तब्येत ‘वाईट’ सांगणाऱ्या माणसांचे पुढील काही वर्षांत मृत्यू पावण्याचे प्रमाण जास्त असते आणि डॉक्टरांनी नोंदवलेले आजार, वय, तंबाखू वगैरे हिशेबात धरल्यानंतरही हा फरक जवळजवळ सर्व अभ्यासांत टिकून राहतो, असे त्यांना आढळले. माणसाला स्वतःच्या शरीराविषयी जे कळते, त्यातले सगळे केसपेपरवर उतरत नाही.

एवढे वाचून हुरळून जाऊ नये, कारण याची दुसरी बाजू अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील एका छोट्या लेखात मांडली आहे. केरळातील माणसे तेव्हा देशात सर्वाधिक जगत होती आणि तरीही आजारपणाची तक्रार तीच सर्वाधिक करत होती; बिहारमध्ये आयुर्मान कमी होते आणि तक्रारही कमी होती. तक्रार करण्यासाठी हे दुखणे आहे, ते बरे होऊ शकते आणि ते सांगितल्यास कोणीतरी ऐकेल, एवढे तरी आधी ठाऊक असावे लागते. तेव्हा एकाच वस्तीतील माणसांमध्ये किंवा एकाच माणसाच्या दोन काळांमध्ये हे उत्तर बरेच सांगून जाते. मात्र दोन वेगळ्या समाजांतील ‘चांगली’ हे एकच नाणे समजून मोजू नये. परदेशी गुणांकनपद्धतींबाबतही तीच दक्षता हवी. एसएफ-१२ या प्रश्नावलीत शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे दोन वेगळे गुण मिळतात खरे, पण त्यातील ५० ही सरासरी अमेरिकन लोकसंख्येवरून बसवलेली आहे. माहूलमध्ये कोणाला ४१ गुण मिळाले, तर तो आकडा नेमका कोणाच्या तुलनेत कमी आहे, हे आपल्याला सांगता यायला हवे.

त्या काकूंचे उत्तर मी खोटे मानणार नाही. त्यांची फूटपट्टी निराळी आहे. त्यांच्या लेखी अंथरूण धरले म्हणजे तब्येत वाईट. निवडणे-टिपणे, पाणी भरणे होत असेल तर ती चांगली. म्हणून मोघम मताच्या जोडीला मोजता येण्याजोगे प्रश्न घ्या. गेल्या ३० दिवसांत किती दिवस तब्येतीमुळे रोजचे काम करता आले नाही? गेल्या सात रात्रींत किती वेळा झोपमोड झाली? जिना चढताना कितव्या मजल्यावर थांबावे लागते? हा शेवटचा प्रश्न माहूलसाठी मुद्दाम सुचवतो, कारण लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत याचे उत्तर प्रत्येकाजवळ तयार असते. शक्य असल्यास एक पीक फ्लो मीटर (श्वास किती जोराने बाहेर फुंकता येतो ते मोजणारे छोटे उपकरण) जवळ ठेवा. तीन वेळा फुंकायला सांगून त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा आणि तो वय, उंची व लिंगाप्रमाणे ताडून पाहायचा. त्याने दम्याचे निदान होणार नाही, पण परीक्षकांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

प्रश्नांच्या क्रमाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. “या कारखान्यांच्या वासाचा त्रास होतो का?” असे आधी विचारून मग “तब्येत कशी आहे?” असे विचारलेत, तर दुसरे उत्तर पहिल्याच्या रंगात बुडून येईल. एकंदर तब्येत सर्वांत आधी, नंतर लक्षणे, मग घर व कामधंदा आणि वास व धूर अगदी शेवटी, असा क्रम ठेवा. संमतिपत्रात ‘आरोग्य आणि राहणीमान यांविषयीचा अभ्यास’ असे लिहिल्यास खोटेपणाही होत नाही आणि उत्तरही आयते सुचवले जात नाही.

साशंक:

मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे थोडे परखड लिहितो. हवेचा प्रश्न असेल तर हवा मोजावी, माणसांना कशाला विचारावे? ज्या वस्तीची न्यायालयीन लढाई एवढी गाजली, जिथल्या लोकांनी २०१८ च्या ऑक्टोबरपासून विद्याविहारला पदपथावर ठाण मांडून आंदोलन केले, तिथे “त्रास होतो का?” या प्रश्नाला “नाही” असे उत्तर कोण देईल?

आकडेमोड:

हवा जरूर मोजावी, पण ती मोजण्यातही गोम आहे. आपल्याकडच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत एकूण १२ प्रदूषके आहेत. तेलाच्या आणि रसायनांच्या टाक्यांतून जी बाष्पे उडतात, त्यांपैकी बेंझीन त्या यादीत आहे आणि त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. टोल्यूइन आणि झायलीन मात्र त्या यादीत नाहीत. दुसरे असे की बहुतेक मानके २४ तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर बेतलेली असतात. रात्री दोन वाजता पाऊण तास नाक-डोळे झोंबवणारा लोट आला आणि पहाटेच्या वाऱ्याने तो खाडीकडे निघून गेला, तर दिवसाच्या सरासरीत त्याचा मागमूसही राहत नाही. जागा झालेला माणूस मात्र त्याची वेळ बरोबर सांगतो.

केईएम रुग्णालयाच्या पर्यावरण प्रदूषण संशोधन केंद्राने २०१३ मध्ये माहूल आणि आंबापाडा येथे केलेले श्वसनविकारांचे सर्वेक्षण लवादापुढे आले होते. त्यात ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागते, ८६.६ टक्के लोकांनी डोळे चुरचुरतात आणि ८४.५ टक्के लोकांनी छातीत कोंडल्यासारखे होते, असे सांगितले होते. ही सगळी लोकांनी तोंडी सांगितलेलीच लक्षणे आहेत आणि लवादाने ती गंभीरपणे घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली, त्या प्रकरणाची सुरुवात ‘वास येतो, श्वास कोंडतो’ या तक्रारीनेच झाली होती.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे, हे मी मान्य करतो. कॅलिफोर्नियात घातक कचऱ्याच्या जागांभोवती डेनिस शस्टरमन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता, तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना वारंवार वास येत होता आणि शिवाय ज्यांच्या मनात त्या जागेची धास्ती होती, त्यांच्यात डोकेदुखी, मळमळ अशी लक्षणे सर्वाधिक आढळली. वास आणि धास्ती एकमेकींना खतपाणी घालत होत्या. यावरून “म्हणजे सगळे मनाचे खेळ” असा निष्कर्ष काढणारे भेटतात आणि ती चूक आहे. इलिनॉय राज्यातील माहितीवर लियम डाउनी आणि मरीके व्हान विलिगन यांनी २००५ मध्ये दाखवले की उद्योगांच्या जवळ राहणाऱ्यांचे मानसिक आरोग्य ढासळलेले असते आणि त्याचा एक मार्ग ‘आपल्या हातात काहीच नाही’ या भावनेतून जातो. भीती हाही त्या धुराड्याचाच एक परिणाम असेल, तर तो हिशेबातून वगळायचा कशासाठी?

पाइपलाइनवाली:

वरील चर्चा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी त्या ७२ इमारतींपैकी एकीत जवळपास तीन वर्षे राहिले. त्याआधी आमचे घर पाइपलाइनला लागून होते आणि आता आम्ही उपनगरात भाड्याने राहतो.

आपल्या काकू ‘चांगली’ का म्हणाल्या, ते मला ठाऊक आहे. वही घेऊन दारात येणारी माणसे आम्ही मोजणे सोडून दिले होते. कोणी महाविद्यालयातून, कोणी संस्थेतून, कोणी वर्तमानपत्रातून येई; सर्वांना तेच सांगायचे आणि मग कोणी फिरकायचे नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून माणूस ‘बरं आहे’ म्हणून दार लोटून घेतो. त्यातच एक धाकधूकही असते. आजारी आहोत असे कागदावर आले आणि कोणी म्हणाले की ‘मग ही खोली सोडा’, तर जायचे कुठे? पाडलेले घर तर परत मिळणार नव्हते. याच्या उलट वागणारी माणसेही मी पाहिली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगते. न्यायालयात कागद लागणार आहेत असे कळले की गुडघेदुखीसुद्धा वासामुळेच झाली, असे सांगणारे आमच्याच मजल्यावर होते. साशंक यांना वाटते तेवढे ते सर्रास नव्हते, पण होते.

वासाबद्दल मात्र कोणी काही वाढवून सांगत होते, असे मला वाटत नाही. वासही एकच नव्हता. कधी कुजलेल्या अंड्यांसारखा, कधी रंगाच्या थिनरसारखा गोडसर आणि घशाला लागणारा, तर कधी स्वयंपाकाचा गॅस उघडा राहिल्यासारखा. त्या तिसऱ्या प्रकारच्या वासाने बायका घाबरून आधी स्वतःचीच शेगडी तपासायच्या. खिडकी उघडावी तर वास आणि लावावी तर उकाडा. पावसाळ्यात बंद खिडकीच्या भिंतीला हिरवट-काळी बुरशी धरायची. समोरची इमारत इतकी जवळ होती की दिवसा दोन वाजताही दिवा लावावा लागे. रात्री ओला टॉवेल पिळून खिडकीवर टांगायची रीत मला शेजारणीने शिकवली. त्याचा काही उपयोग होतो की नाही, मला माहीत नाही; आपण काहीतरी केले एवढेच समाधान.

वहीपेन ताई, तुमच्या ‘उदास’ या प्रश्नाविषयी. आमच्याकडे कोणी तो शब्द वापरत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोक्याला ताप झालाय’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘टेन्शन येतं’ असे म्हणतात आणि बायका बहुतेक वेळा काहीच न म्हणता कामाला लागतात. तुम्ही झोपेपासून सुरुवात करा. “रात्री जाग आली की काय करता?” एवढेच विचारा आणि थांबा. मला कोणी विचारले असते तर मी सांगितले असते की मी उठून धाकट्या मुलाच्या नाकासमोर बोट धरत असे. श्वास लागला की परत आडवी होत असे. हे मी नवऱ्यालाही सांगितले नव्हते. दवाखान्यात मुलाला घेऊन गेले की डॉक्टर पत्ता विचारत आणि माहूल ऐकले की म्हणत, “जागा बदला.” औषधाच्या चिठ्ठीवर ते लिहून द्यायची मात्र सोय नव्हती.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नावलीत आहे की नाही, कळत नाही. पूर्वी मी विद्याविहारला तीन घरची धुणीभांडी करत असे आणि तिन्ही घरे चालत दहा मिनिटांवर होती. माहूलहून बसने जाऊन-येऊन पैसेही परवडेनात आणि वेळही, म्हणून दोन घरे सुटली. मोठ्या मुलीची शाळा वर्षाच्या मध्यात तुटली. तब्येत बिघडली त्यात वास किती, काम सुटल्याचा घोर किती आणि त्या कोंदट खोलीचा वाटा किती, हे मलाच वेगळे करून सांगता येत नाही.

इरई:

मी चंद्रपूरचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ७० च्या वर गुण मिळून ‘अतिप्रदूषित’ ठरलेल्या ४३ क्षेत्रांत आमचे शहर ८३.८८ गुणांसह चौथे होते. २०१८ च्या यादीत तर आपल्याच राज्यातील तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. हे आकडे देण्याचे कारण इतकेच की माहूल गाजले तसे आमच्याकडचे गाजले नाही आणि त्यामुळे आमच्याकडे उत्तरे उलट दिशेने चुकतात.

साशंक यांना वाटते की लोक त्रास वाढवून सांगतील. ज्या घराची चूलच कारखान्याच्या किंवा खाणीच्या पगारावर पेटते, तिथे माणूस त्रास दडवतो आणि पुष्कळदा त्याला तो दिसतही नाही. माझे वडील हयातभर एका कारखान्यात होते. सकाळी पंधरा मिनिटे ते खोकत, कफ पडला की चूळ भरत आणि चहा घेत. कोणी विचारले तर “तब्येत ठणठणीत” हेच उत्तर असायचे. त्यांच्या लेखी खोकला हा आजारच नव्हता. तो दाढी करण्यासारखा सकाळचा एक कार्यक्रम होता आणि डॉक्टरांनी टोकलेच तर ते दोष तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला देत. आई उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घालताना वरून जुने धोतर पसरायची आणि संध्याकाळी ते झटकले की काळी पूड उडायची. घरात रोज दोनदा फरशी पुसली जायची, तरी अनवाणी तळवे काळेच. पण “इथे प्रदूषण आहे का?” असे विचारले असते, तर दोघांनीही “बाकीच्या शहरांत असते तेवढेच” असे सांगितले असते.

म्हणून माझी सूचना अशी की घरातील कोणाची रोजीरोटी त्या उद्योगावर अवलंबून आहे का, हे जरूर विचारावे, पण ते तब्येतीचे प्रश्न संपल्यावर. आणि उत्तरांची विभागणी त्यानुसार करून पाहावी. मुलाखत शक्यतो एकट्या माणसाची घ्यावी. माझ्या आईने वडिलांसमोर जे उत्तर दिले असते, ते स्वयंपाकघरात दिलेल्या उत्तरापेक्षा निश्चितच वेगळे असते. ‘पाइपलाइनवाली’ यांनी लिहिलेले बोटाचे उदाहरण पुरुषांसमोर निघाले असते का, याचा विचार करा.

आकडेमोड:

‘पाइपलाइनवाली’ यांनी शेवटी जे लिहिले आहे, तो या प्रबंधाचा गाभा आहे. माहूलमध्ये विस्थापन, कोंदट घर आणि दूषित हवा ही तीन ओझी एकाच डोक्यावर आहेत. ती तिथल्या तिथे वेगळी करता येणार नाहीत, पण तुलनेच्या वस्त्या नीट निवडल्या तर थोडी उकल होते. जुन्या माहूल गावातील कोळी कुटुंबे त्याच हवेत राहतात, पण ती विस्थापित नाहीत. आणि तानसा जलवाहिनीजवळची जी घरे दहा मीटरच्या रेषेबाहेर राहिल्याने वाचली, ती तर निसर्गाने आखून दिलेल्या प्रयोगासारखी आहेत. ती रेषा जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी आखली गेली होती. कोण धट्टाकट्टा आणि कोण आजारी, हे पाहून कोणी ती आखली नव्हती. एकाच गल्लीतील, एकाच मिळकतीची दोन घरे. एक पडले आणि एक राहिले. याहून चांगली तुलना शोधून सापडणार नाही. केवळ विस्थापित गट हवा म्हणून गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींकडे मात्र डोळे मिटून जाऊ नका, कारण तिथे देवनारचा कचरा डेपो उशाला आहे.

एक इशारा देतो. २०१९ च्या निकालानंतर जे माहूल सोडून गेले आणि जे राहिले, ते सारखे नाहीत. जास्त आजारी होते म्हणून काही गेले असतील, तर बाहेर घर शोधण्याची ताकद नव्हती म्हणून काही राहिले असतील. आज तिथे जे भेटतील, त्यांच्या उत्तरांवरून २०१७ च्या सगळ्या कुटुंबांविषयी बोलता येणार नाही. शक्य असेल तर बाहेर पडलेल्यांचेही पत्ते मिळवा.

मानसिक आरोग्यासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याविषयीची प्रश्नावली घेणार असाल, तर त्यात गेल्या दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न असून एकूण गुण २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी सुचवतात. त्याचे मराठी रूप उपलब्ध आहे. छापील वाक्य जसेच्या तसे वाचा, मात्र त्याआधी झोपेविषयीच्या गप्पांना पाच मिनिटे द्या. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याविषयी आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर खूण करून पुढच्या घरी जाता येत नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या सरकारी रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे वार चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा आणि असे घर आले की त्या दिवशीचे काम तिथेच थांबवून आधी मार्गदर्शकांना फोन करा.

साशंक:

२४ तासांच्या सरासरीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग काही घरांना महिनाभराची एक साधी दिनदर्शिका देऊन, वास आला की वेळ लिहायला सांगितले तर? त्या वेळा जवळच्या हवामान केंद्रातील वाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहता येतील. वारा कुठून वाहत होता, हे लिहिणाऱ्याच्या मनावर अवलंबून नाही.

वहीपेन:

सर्वांची मनापासून आभारी आहे. मार्गदर्शकांना हा धागा दाखवला. दहा मीटरच्या रेषेची कल्पना त्यांना पटली, दिनदर्शिकेचीही पटली. एसएफ-१२ मात्र गुणांकनाच्या भानगडीमुळे आम्ही वगळत आहोत. प्रश्नांचा क्रम बदलला. ‘उत्कृष्ट’ हा पर्याय काढून ‘एकदम ठणठणीत’ असा घातला आहे (श्रेय इरई यांच्या वडिलांना), पण तो मूळ प्रश्नावलीशी तुलना करताना अडचणीचा ठरेल का, हे कोणी सांगितल्यास बरे होईल.

काल त्याच काकूंकडे पुन्हा गेले होते. तब्येत ‘चांगली’च होती. मग गेल्या सात रात्रींचे विचारले, तर त्यांनी वारांऐवजी घरातल्या गोष्टींवरून मोजायला सुरुवात केली: नातवाचा ताप होता त्या रात्री दोनदा, पाणी उशिरा आले त्या रात्री नाही, एकादशीच्या रात्री वास इतका होता की सगळा मजलाच जिन्यात येऊन बसला होता. पाच रात्री निघाल्या. जिन्यात त्या तिसऱ्या मजल्यावर थांबतात. मीटरमध्ये तीनदा फुंकून झाल्यावर त्यांनी विचारले, “पास का नापास?” मी आकडा सांगितला आणि सुनेलाही फुंकायला द्यायचे होते, तेव्हा लक्षात आले की पुठ्ठ्याच्या नळ्या संपल्या आहेत.

त्या नळ्या घाऊक भावात मुंबईत कुठे मिळतात, हे कोणाला माहीत आहे का? पावसाळा सुरू होण्याआधी, म्हणजे खिडक्या कायमच्या बंद होण्याच्या आत, पहिली फेरी पूर्ण करायची आहे.

पाइपलाइनवाली:

नळ्यांचे मला माहीत नाही, पण पाइपलाइनजवळ आमच्या जुन्या गल्लीत जी घरे वाचली, त्यांत माझी नणंद राहते. तुम्ही तिकडे जाल तेव्हा मला निरोप पाठवा. सकाळी अकराच्या आत गेलात तर बायका घरी भेटतील, त्यानंतर सगळ्या कामावर असतात.